खाशाबांची आठवण कुठं टिकली, कुठं निसटली: एका स्मरणाचा प्रकरण अभ्यास

१४ ऑगस्ट १९८४ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव रस्त्यावरच्या अपघातात गेले. वय ५८. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा पैलवान. मागे राहिलं ते कुटुंब, कराडशेजारच्या गोळेश्वरातलं ‘ऑलिम्पिक निवास’ नावाचं घर आणि हेलसिंकीचं कांस्यपदक.

शाळेत किंवा गावात नाव काढलेला, घरच्यांना आणि गावाला जिव्हाळ्याचा असलेला खेळाडू गेल्यावर त्याची आठवण कशी जपायची, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शेकडो शाळा आणि तालमींपुढं येतो. खाशाबांचं प्रकरण त्यासाठी नीट पाहावं असं आहे, कारण इथं माणूस देशपातळीवरचा होता आणि तरीही त्याची आठवण अनेक वर्षं मुख्यतः गाव आणि कुटुंब यांनीच वाहिली.

माणूस

जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, तालुका कराड. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. कुस्तीबरोबर धावणं, पोहणं यांतही ते पुढं असत. पुढं कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी स्पर्धेत नाव घ्यायला नकार दिला आणि प्राचार्य खर्डेकरांनी त्यांना उतरू दिलं, ही आठवण कोल्हापुरात प्रसिद्ध आहे. आवडता डाव ढाक.

१९४८ ला लंडनला फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. तोवरची सगळी मेहनत लाल मातीतली, गादीवरची (मॅटवरची) कुस्ती नवी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी हात दिला आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ५७ किलो फ्रीस्टाईलमध्ये कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबांनी कांस्य आणलं. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचं, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवचं. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं कुस्त्यांच्या मैदानांतून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडायला त्यांनी हातभार लावला.

१९५५ ला ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं ऑलिम्पिक हुकलं. २७ वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडला त्यांनी ज्योत घेऊन धाव घेतली. जिवंतपणी देशपातळीवर त्यांना दिसलेला मान म्हणायचा तर हाच.

आठवण का निसटली

सरकारनं दुर्लक्ष केलं, एवढं म्हणून थांबणं सोपं आहे. पण त्यामागं आणखी तीन कारणं दिसतात आणि ती दुसऱ्या खेळाडूंनाही लागू होतात.

एक, त्याच हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं. देशाच्या आनंदात कांस्य झाकलं गेलं. सांघिक यशाच्या वर्षी झालेला वैयक्तिक पराक्रम शाळेच्या फलकावरही असाच हरवतो, हे जुने फलक वाचताना ध्यानात येतं.

दोन, कुस्तीच्या जगात आठवण वजनदार गड्यांची राहते. मैदानात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती त्यांची. पोस्टरवर मधोमध फोटो त्यांचा. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचं पर्व सुरू झालं आणि पैलवान म्हटलं की डोळ्यांपुढं शंभर किलोचा गडीच येऊ लागला. ५७ किलोच्या मल्लाला या चौकटीत जागाच नव्हती.

तीन, नोकरी. कुस्तीत नाव पुढं जातं ते वस्ताद आणि पठ्ठा यांच्या साखळीतून. पठ्ठा मोठा झाला की वस्तादाचं नाव घेतो. पोलीस खात्यातला माणूस बदलीच्या गावी राहतो. एकाच तालमीत तीस वर्षं बसून जी साखळी तयार होते, ती त्याच्या वाट्याला येत नाही.

मग सन्मान आले, पण उशिरा. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर, निधनाला दीड दशक उलटल्यावर. मधल्या काळात, १९९६ ला, लिअँडर पेसनं अटलांटात टेनिसचं कांस्य जिंकलं आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक मिळालं. ४४ वर्षांपूर्वी कोण होतं, हे अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. निधनानंतरच्या चाळीस वर्षांत पद्म पुरस्कार मात्र मिळाला नाही.

पदकाचा प्रश्न

या प्रकरणाचा गाभा इथं आहे. २००९ मध्ये खाशाबांच्या नावानं कुस्ती अकादमी उभारण्याची शासनाची घोषणा झाली. ती रखडली. २०१७ मध्ये कुटुंबानं जाहीर केलं की अकादमीसाठी पैसा उभा करायला आम्ही पदकाचा लिलाव करू. बातमी देशभर गेली. ज्या वस्तूसाठी एका प्राचार्यानं घर गहाण टाकलं होतं, ती विकायची वेळ घरच्यांवर यावी, याचं दुःख कुणालाही होईल. पण यातली व्यवहाराची बाजूही समजून घ्यायला हवी. पदक कुटुंबाकडं असतं, त्याची किंमत सगळ्यांना माहीत असते आणि सांभाळण्याचा भार एकट्या कुटुंबावर पडतो.

म्हणून खेळाडू गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच, वाद किंवा टंचाई यायच्या आधी, वस्तूंचा बंदोबस्त करावा.

आधी यादी. प्रत्येक पदक, ढाल, गदा, प्रमाणपत्र, पत्र, फोटो यांना क्रमांक द्यायचा. पदकाची दोन्ही बाजूंनी आणि कडेनं छायाचित्रं घ्यायची, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये लिहायचा. एक प्रत घरी, एक शाळेत, एक विश्वासू तिसऱ्या माणसाकडं. चोरी झाली तर पोलिसांना आणि विमा कंपनीला दाखवायला हाच पुरावा.

मग साफसफाईचा मोह आवरायचा. कांस्य, तांबं, पितळ यांची पदकं चिंच, लिंबू किंवा पितांबरीनं घासली की चकाकतात आणि त्याचबरोबर वरचा मूळ थर आणि बारीक नक्षी झिजते. ती परत येत नाही. तपकिरी झाक हा मळ नव्हे, तो धातूचं संरक्षण करतो. मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ टिपायची, हातात सुती किंवा नायट्राईलचे मोजे, बस. कुठं फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली तर ती क्लोराईडची लागण आहे. दमट हवेत ती वाढत जाते. असं पदक वेगळं कोरडं ठेवायचं आणि संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाला दाखवायचं.

ठेवायचं कशात? बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं वाईट. त्यातून निघणारा अंश धातूला खातो. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्या) आणि प्लायवूडच्या शोकेसमधून सेंद्रिय आम्लाची वाफ निघत राहते, तीही घातक. आम्लरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या. कराड-कोल्हापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पावसाळ्याच्या तोंडाला आणि मध्यावर पुड्या बदलाव्याच लागतात.

शाळेत मूळ पदक ठेवू नये, हे आमचं ठाम मत. मुलांना पाहायला प्रतिकृती ठेवावी आणि खाली ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहावं. मूळ पदक बँकेच्या लॉकरमध्ये. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपुरतीच असते. भाडं २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २ लाख. ऑलिम्पिक पदकाचा वेगळा विमाच उतरवावा लागतो.

एक बारकावा. १९५२ ची ऑलिम्पिक पदकं गळ्यात घालायची नव्हती. पदकं गळ्यात घालण्याची पद्धत १९६० च्या रोम ऑलिम्पिकपासून सुरू झाली. त्याआधी ती डबीतून हाती दिली जात. खाशाबांचं चित्र किंवा पुतळा करताना गळ्यात रंगीत फितीचं पदक दाखवलं तर ते चुकीचं. कलाकाराला हे आधीच सांगावं.

कागदांबद्दल थोडक्यात. त्या काळचा वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त, तो आपोआप पिवळा पडून तुटतो. लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये. सपाट ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण नावं, तारखा आणि स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. फोटोवर नाव लिहायचंच तर मागं, कडेला, मऊ शिसपेन्सिलनं. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो.

फलकावर काय लिहायचं

खाशाबांबद्दल सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘भारताचे पहिले ऑलिम्पिक पदकविजेते’. हे बरोबर नाही. नॉर्मन प्रिचर्डनं १९०० च्या पॅरिसमध्ये दोन रौप्यपदकं मिळवली होती आणि हॉकी संघ १९२८ पासून सुवर्ण जिंकत होता. बरोबर शब्द असे: ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते’. यातला एकही शब्द गाळला की वाक्य खोटं पडतं आणि कुणीतरी ते दाखवून देतो. मग चूक फलक लिहिणाऱ्याची, पण उणेपणा येतो खेळाडूला. संगमरवरात कोरलेली चूक दुरुस्त करायला नवा दगडच लागतो, म्हणून कोरण्याआधी मजकूर तीन जणांनी वेगवेगळा तपासावा: घरचा एक, शाळेचा एक, खेळातला जाणकार एक.

नावाचंही तसंच. महाराष्ट्रात ते खाशाबा, बाहेर के. डी. जाधव. दिल्लीच्या सभागृहावर आद्याक्षरं आहेत, त्यामुळं तिथं खेळणाऱ्या मराठी मुलालाही हे आपल्या कराडचे, हे चटकन कळत नाही. फलकावर पूर्ण नाव, गाव आणि शाळा लिहावी.

गावपातळीवरच्या खेळाडूच्या बाबतीत तारखांचा घोळ जास्त असतो. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावलेली असते. शाळेचं जनरल रजिस्टर हा कायम जपायचा दस्त आहे, तिथून सुरुवात करावी. ते घरच्यांच्या सांगण्याशी जुळलं नाही तर फलकावर फक्त वर्ष लिहावं. ‘जिल्ह्यात पहिला’, ‘अजिंक्य’ असे शब्द कागदी पुरावा असेल तरच.

पुतळ्याचा विचार बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी होतो, आमच्या मते तो सर्वांत शेवटी यावा. सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. जागेची मालकी, रस्तारुंदीकरण, पुढची देखभाल कोण करणार, हे सगळं त्या कागदांत येतं. वर्षं जातात. तेवढ्यात वर्गणी देणाऱ्यांचा उत्साह मावळतो.

तारीख कोणती

पुण्यतिथी १४ ऑगस्ट. त्या दिवशी प्रत्येक शाळा झेंडावंदनाच्या तयारीत, बाहेर पाऊस, आखाड्याच्या हौद्यातली माती चिकट. कुस्त्यांचं मैदान भरवणं अशक्य. जयंती १५ जानेवारी. संक्रांतीच्या आसपासचा दिवस, हवा कोरडी आणि थंड, शाळांत स्नेहसंमेलनं आणि क्रीडास्पर्धा चालू, परीक्षा अजून लांब. या तारखेनंच आठवणीला बळ दिलं. २०२३ च्या १५ जानेवारीला गुगलनं मुखपृष्ठावर खाशाबांचं चित्र लावलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला आणि २०२४ पासून तो साजरा होऊ लागला. चार दशकांत झालेल्या सगळ्या सन्मानांत आम्हाला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो दरवर्षी परत येतो आणि प्रत्येक शाळेत पोचतो.

कुठल्याही खेळाडूसाठी हा हिशेब करावा: जयंती आणि पुण्यतिथी, दोन्हींच्या आसपास पाऊस, परीक्षा, सुगी, जत्रा, सुट्टी काय येतं ते पाहायचं. दोन्ही अडचणीच्या असतील तर ज्या दिवशी त्यानं मोठी कामगिरी केली तो दिवस घ्यावा. श्रद्धांजलीची सभा घरच्यांसाठी पुण्यतिथीला, खेळ दुसऱ्या तारखेला, अशी वाटणीही चांगली चालते.

५७ किलोची कुस्ती

स्मृतिस्पर्धा बहुधा ‘खुला गट’ म्हणून भरतात आणि इनाम पुन्हा वजनदार मल्लालाच जातं. खाशाबांच्या नावची मुख्य कुस्ती ५७ किलोचीच असावी. हा गट आज पुरुष फ्रीस्टाईलमधला ऑलिम्पिकचा सर्वांत हलका गट आहे आणि याच वजनात रवी दहियानं टोकियोत रौप्य, अमन सेहरावतनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं. मुलांना सांगायला यापेक्षा जिवंत दुवा कोणता?

इथं एक खड्डा आहे. १७ वर्षांखालील मुलांत ५७ चा गट नसतो, ५५ नंतर थेट ६०. हौसेपायी शाळकरी मुलांसाठी ५७ चा गट काढला की साठचा मुलगा दोन दिवस पाणी तोडून वजन उतरवतो आणि गादीवर चक्कर येऊन पडतो. ५७ ची कुस्ती २० वर्षांखालील किंवा त्यावरच्या गटालाच ठेवावी. शाळकरी गटांना त्यांचे नेहमीचेच वजनगट, आणि वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी.

१६ मल्ल घेतले तर बाद पद्धतीनं १५ कुस्त्या, शिवाय कांस्यासाठी एक-दोन. तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, मध्ये ३० सेकंद विश्रांती, आत-बाहेर करणं, निकाल: एका कुस्तीला १० मिनिटं धरावीत. म्हणजे अडीच-तीन तास. गादी १२ बाय १२ मीटर, त्यात ९ मीटर व्यासाचं वर्तुळ आणि भोवती दीड मीटरची सुरक्षित कड. कड कमी केली तर मल्ल सरळ फरशीवर जातो. एका कुस्तीला तीन पंच, म्हणून आलटून पालटून सहा हवेत. डॉक्टर आणि रुग्णवाहिका शेवटच्या कुस्तीपर्यंत. पाहुण्यांची भाषणं मधे घुसवू नयेत: अंग गरम करून थांबलेला मल्ल वीस मिनिटांत थंड पडतो आणि पहिल्याच झटापटीत स्नायू धरतो. हार-तुरे, भाषण जे काही असेल ते पहिल्या कुस्तीआधी, पंधरा मिनिटांत.

पैसा

हौसेनं सुरू झालेली पारितोषिकं महागाईनं मरतात. चाळीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या ५,००० रुपयांचं व्याज आज बक्षिसाच्या ढालीलाही पुरत नाही. उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवशीच लेखी करावा लागतो: पूर्ण व्याज खर्चायचं नाही. २,००,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १४,००० येतात. त्यातले ९,००० खर्चावेत, ५,००० मुद्दलात घालावेत. पुढच्या वर्षी मुद्दल २,०५,००० होतं आणि बक्षिसाची रक्कमही हळूहळू वाढवता येते. कराराच्या कागदावर तीन गोष्टी असाव्यात: खेळ बंद पडला तर पैसा कशासाठी वापरायचा, खात्यावर कोणत्या दोन पदांच्या सह्या, आणि हिशेब दरवर्षी कुणाला दाखवायचा. सह्या पदाच्या नावानं, माणसाच्या नव्हे. मुख्याध्यापक निवृत्त झाले की खातं अडकतं, हा सगळीकडचा अनुभव.

लाखभराच्या निधीसाठी वेगळा ट्रस्ट काढू नये. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विश्वस्त बदलाचे अर्ज यांतच दम जातो. शाळा चालवणारी संस्था आधीच नोंदलेली असते, तिच्याकडं स्वतंत्र शीर्षाखाली ठेव द्यावी. अकादमी किंवा वसतिगृहाएवढं काम असेल तरच ट्रस्ट.

घरची माणसं

खाशाबांच्या प्रकरणात अर्ज, पाठपुरावा, पत्रकारांना माहिती, पदकाची राखण, सगळं कुटुंबाकडं आलं. जिथं शाळा आणि गाव मोठ्या उमेदीनं पुढं येतात, तिथंही दोन वर्षांत भार घरावरच सरकतो. म्हणून एक माणूस नेमावा, घराबाहेरचा, चाळिशीच्या आतला, जो कागद आणि तारखा सांभाळेल. वडीलधारे सल्लागार असावेत, काम त्याचं.

सोबतीचे गडी, वस्ताद, पाहणारे शेजारी यांच्या मुलाखती पहिल्या वर्षात घ्याव्यात, सर्वांत वृद्ध माणसापासून. मोबाईल पुरतो, पंखा बंद करून. ‘कसे होते’ असं विचारलं की ‘फार चांगले’ एवढंच मिळतं. पहाटे किती वाजता उठायचे, जोर-बैठका किती, खुराक काय, कोणता डाव कुणावर चालला नाही, हरल्यावर घरी येऊन काय करायचे, मुलांना तालमीत न्यायचे का, असं विचारावं. पत्नीला, लेकी-सुनांना वेगळं, घरीच, पुरुष मंडळी नसताना विचारावं. खेळाडूतला बाप आणि नवरा त्यांच्याच बोलण्यात सापडतो आणि बहुतेक स्मृतिग्रंथांत नेमका तोच नसतो. रेकॉर्डिंग कुठं वापरणार ते आधी सांगून सही घ्यावी, आणि ‘हे छापू नका’ म्हटलेलं खरोखर छापू नये.

जानेवारीत पहिली स्पर्धा घ्यायची असेल तर वस्तूंची यादी आणि मुलाखती जूनपर्यंत सुरू व्हायला हव्यात, ठेव आणि करार ऑगस्टपर्यंत, फलकाचा मजकूर ऑक्टोबरपर्यंत तपासून पक्का, पंच आणि गादीची नोंदणी नोव्हेंबरमध्ये. डिसेंबर शाळांच्या सहली आणि संमेलनांत जातो, तो महिना मोकळा धरू नये.